खालचा गाळा

रस्त्यापलीकडच्या मळ्यात हळद शिजायला लागली की तिचा वास सरळ माझ्या दुकानात येतो. माती, धूर आणि काढ्यासारखं काहीतरी, असं सगळं मिळून. ज्यांच्या घरी हळद आहे त्यांना तो गोड लागत असेल. माझ्या कपाळाला आठ्या पडतात. हळद निघाली की आमच्या बाळापुरात लग्नं निघतात, लग्नं निघाली की झंपरं शिवायला येतात, आणि गाठोडं बगलेत मारून आलेली बाई माझ्या शटरसमोर उभी राहून मलाच विचारते, "ताई, कमळाबाई वर हायेत का?"

आज सकाळपासून सहा जणींनी विचारलं. सहाही वेळा मी मशीन थांबवून "हायेत" म्हटलं. सातवीला "न्हाईत, गावाला गेल्या" असं अगदी ओठांवर आलं होतं. पण वरून मशीनचा आवाज येऊन राहिला होता, तो कुठं लपवणार.

मी जळते. सरळच सांगते, आता या वयात आडपडदा कशाला. लोक काशीला जाऊन एखादी भाजी सोडून येतात. मला कोणी नेलं तर मी कारलं सोडीन, वांगं सोडीन, पण कमळाबाईवर जळायचं सुटेल असं काही मला वाटत नाही. दहा-बारा वर्षांची सवय आहे ती. आणि तिची मुळं खोल गेली ती त्या एका उन्हाळ्यात, जुनी शॉपिंग पाडली आणि नवी बांधून व्हायची होती तेव्हा.

शॉपिंग सेंटर असं पाटीवर पूर्ण नाव होतं. गावानं त्यातलं सेंटर पहिल्याच आठवड्यात टाकून दिलं. त्याआधी तिथं बाभळी होत्या आणि बाजाराच्या दिवशी लोक बैल बांधायचे. नव्वदीच्या सुरुवातीला बाभळी गेल्या आणि एका ओळीत दहा गाळे उभे राहिले, रस्त्याकडं तोंड करून. गाव तेव्हा हसलं होतं. इतक्या लांब, स्टँडच्याही पुढं, कोण जाईल मरायला? पण हिंगोलीच्या आणि नांदेडच्या जीपा तिथंच थांबायला लागल्या आणि मग हसणाऱ्यांनीच गाळ्यांसाठी ओळखी काढल्या. एका गाळ्यात खतं-बियाणं, एकात कॅसेटी, एकात फोनचं बूथ. टोकाला फोटो स्टुडिओ. त्याच्या पडद्यावर रंगवलेला धबधबा होता. आमच्या तालुक्यातल्या निम्म्या नवरा-बायकोंचे फोटो त्या एकाच धबधब्यासमोर आहेत, माझाही.

चौथा गाळा माझा. नवरा शाळेत क्लार्क, सासरे देवळात पूजेला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "देवळाच्या घरची सून रस्त्यावर मशीन घेऊन बसणार काय?" बसले. नांदेडला राहून शिवणाचा कोर्स केलेली तेव्हा गावात मी एकटी होते. प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीला लावलं. पाटी रंगवून घेतली. बायका यायच्या, मापाचं जुनं झंपर द्यायच्या, रंग सांगायच्या आणि जायच्या. आमच्याकडं तीच रीत. अंगाला टेप लावून घ्यायची बायकांना लाज, तेही रस्त्यावरच्या दुकानात. जुनं झंपर द्यायचं आणि सांगायचं, "बराबर असंच पाहिजे." मी बराबर तसंच द्यायची. सुताचा फरक नाही. चार-पाच वर्षं गावात माझ्याशिवाय पान हललं नाही.

मग पाचव्या गाळ्यात कमळाबाई आली. गावामागच्या तांड्यावरची. तिच्या घरचे सगळे दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे. एका वर्षी ती गेलीच नाही. एक जुनं मशीन आणलं आणि घड्याळवाल्यानं सोडलेल्या गाळ्यात बसली. पाटी नाही, कात्रीसुद्धा एकच. लिहिता-वाचता येत नव्हतं. मी पहिल्या दिवशी तिला चहा पाजला होता, हेही सांगून ठेवते. ती काही टिकत नाही अशी मला खात्री होती, म्हणून पाजला.

तिची रीतच वेगळी. ती मापाचं झंपर घ्यायची, पण ते बाजूला ठेवून बाईला खाली बसवायची. पाणी द्यायची. विचारायची, "किती दिवस झाले बाळंत होऊन? दूध अंगावर हाय ना अजून?" म्हातारी असली तर, "रात्री कोणत्या कुशीवर झोपता, आजी?" झंपराचा आणि कुशीचा काय संबंध, मी मनात म्हणायची. मग वितीनं आणि बोटांनी पाठ-दंड मापायची, गप्पा चालूच. हे सगळं ध्यानात राहावं म्हणून मापाच्या झंपराच्या काठाला रंगीत दोरे बांधायची. लाल दोरा म्हणजे पाजणारी, पुढून सैल. पिवळा म्हणजे अंग भरत चाललंय, आत चार बोटं कापड जादा दाबून ठेवायचं, पुढं उसवून वाढवता यावं म्हणून. हिरवा म्हणजे काय, काळा म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. मी कागदावर नावं लिहायची आणि ती दोरे बांधायची, आणि तांड्यावरच्या बायका तिला याडी म्हणायच्या. याडी म्हणजे त्यांच्यात आई. मला पंधरा वर्षांत कोणी ताईच्या पुढं नेलं नाही.

दोन हजार साल उलटल्यावर जुन्या शॉपिंगचा स्लॅब जागोजागी फुगला, आतलं लोखंड दिसायला लागलं. ठरलं, की पाडायची आणि दुमजली बांधायची. खाली दहा, वर दहा. जुन्या गाळेवाल्यांना नव्यात जागा मिळणार, पण कोणाला खालची आणि कोणाला वरची ते चिठ्ठ्या टाकून. तोवर रस्त्यापलीकडं पत्र्याचे शेड घालून दिले. शेड कमी पडले म्हणून दोघा-दोघांना एक. "तुमी दोघी शिवणवाल्या, तुमाला एक," असं परस्पर ठरलं. माझा पापड मोडला तो तिथंच.

तो उन्हाळा. पत्रा असा तापायचा की दुपारी कैचीचे कान हाताला चटकायचे. मागच्या मळ्यात हळदीची कढई दिवसभर धगधगायची, धूर आमच्या शेडात. कापडांना, केसांना, डब्यातल्या पोळीलासुद्धा हळदीचा वास. समोर रस्त्यापल्याड जुनी शॉपिंग घणानं फोडून राहिले होते. माझ्या चौथ्या गाळ्याची भिंत पडली तेव्हा मी काजं करत होते. आतला निळा रंग उन्हात आला, ज्या खिळ्याला प्रमाणपत्र होतं तो खिळासुद्धा दिसला. कमळाबाई म्हणाली, "ताई, तिकडं नका पाहू." मी म्हटलं, "मी कुठं पाहून राहिले?"

एका शेडात दोन मशिनी पाठीला पाठ लावून ठेवल्या की काही लपत नाही. तिच्याकडं किती आल्या, माझ्याकडं किती, मला न वळता कळायचं. तिच्याकडच्या बसायच्या. माझ्याकडच्या उभ्या उभ्या झंपर द्यायच्या, मग त्यांचं लक्ष तिकडच्या हसण्याकडं जायचं आणि त्याही बुड टेकायच्या, तिच्या बाजूला. मला चांगलं दिसत होतं, की नवी शॉपिंग उघडेल तेव्हा बायका कोणाच्या मागं जाणार ते या उन्हाळ्यात ठरतंय. आणि त्यात मला वरचा गाळा निघाला तर? लेकरू कडेवर घेऊन, साडी सावरत जिना कोण चढणार माझ्यासाठी? मी जिवाच्या आकांतानं देवाला एकच मागत होते, खालचा गाळा.

आणि त्यातच रुक्मिणकाकू आल्या. गावातलं मोठं घर, त्यांच्या दोन्ही सुनांची झंपरं मी शिवलेली. आता लेकीचं लग्न होतं. मापाच्या झंपरांचं गाठोडं पाहून मी हात पुढं केला. काकूंनी ते जरा मागं घेतलं. "सुमनताई, राग मानू नका. औंदा कमळाबाईकडं देते. धाकटीला सातवा लागलाय, मोठी पाजती. कमळाबाईला बराबर समजतं." मी म्हटलं, "राग कशाचा, काकू? द्या की." आणि मग दिवसभर माझ्या एकाही बाहीची शिवण सरळ आली नाही.

दोन-चार दिवसांत काकूंच्या सुना तिच्याजवळ बसून मापं देऊन गेल्या. मग एका भर दुपारी कमळाबाई तांड्यावर गेली, कोणाची तरी पोरगी पाहायला पाहुणे येणार होते. शेडात मी एकटी. तिचं गाठोडं माझ्या मशीनपासून हातभर लांब. मी ते सोडलं. वीसेक झंपरं होती, सगळ्यांना दोरे, लाल, पिवळे, हिरवे, काही झंपरांना तीन-तीन. मी ब्लेड घेतलं आणि एकेक दोरा काढला. घाईनं नाही, अगदी नीट काढला, कापडाला कुठं ओरखडा येऊ दिला नाही. मग सगळी झंपरं घडी घालून गाठोडं होतं तसं बांधलं आणि दोरे हळदीच्या कढईखालच्या जाळात टाकून आले. अंगाची लाही होत होती ती पहिल्यांदा थांबली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी तिनं गाठोडं सोडलं. एका झंपराच्या काठावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्याच्या. मग सगळी उलगडून पाहिली. मी हूक लावत होते, मान खाली. तिनं गाठोडं बांधलं आणि जीपवाल्याजवळ दोन-तीन ठिकाणी निरोप दिले.

दोन दिवसांत शेडात पाय ठेवायला जागा राहिली नाही. रुक्मिणकाकूंच्या सुना आल्या, काकू स्वतः आल्या, तांड्यावरच्या दहा-बारा जणी आल्या. कमळाबाईनं सांगितलं, "माझ्याकडून खुणा हरपल्या. पुन्हा बसा." आणि त्या बसल्या. सगळ्यांची पुन्हा वितीनं मापं झाली, पुन्हा विचारपूस, पुन्हा पाणी. कोणी भुईमुगाच्या शेंगा आणल्या. होळी नुकतीच होऊन गेलेली, तांड्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवून गाणी म्हटली आणि काकूंची गरवार सून पोट धरून हसली. इतक्या बायका एकत्र बसलेल्या माझ्या दुकानात कधी पाहिल्या नव्हत्या, आणि या सगळ्यांना बोलावणं मीच धाडलं होतं म्हणायचं. त्या दिवशी मला शेंगाही देत होत्या. मी खाल्ल्या नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडाशी चिठ्ठ्या टाकल्या. बांधकाम अजून चालू असलेल्या नव्या शॉपिंगच्या पायऱ्यांवर आम्ही सगळे जमलो, डब्यातून प्रत्येकानं आपापली चिठ्ठी उचलली. मी माझी उघडली. वरचा मजला, जिन्यालगत. तेवढ्यात कमळाबाईनं तिची चिठ्ठी न उघडताच माझ्या हातात दिली. "ताई, वाचा बरं, काय लिहिलंय."

मी उघडली. खालचा, कोपऱ्याचा. दोन्ही बाजूंनी रस्ता लागतो तो. अख्ख्या शॉपिंगमधला सगळ्यात चांगला गाळा. दोन्ही चिठ्ठ्या माझ्या हातात होत्या आणि त्या बाईला अक्षरओळख नव्हती. मी एकदा या चिठ्ठीकडं पाहिलं, एकदा त्या. तिनं कागदाकडं पाहिलंच नाही, ती माझ्या तोंडाकडं पाहत होती.

"खालचा निघाला," मी शेवटी म्हणाले. "कोपऱ्याचा."

"आन् तुमाला?"

"वरचा."

"मग बदलू," ती म्हणाली. "तुमी खालचा घ्या. मला वरचा द्या."

मला वाटलं चेष्टा करते. "काहून?"

"खाली रस्ता हाय. गडीमाणसं येऊन-जाऊन राहतात. माझ्याकडच्या बायांना पाय पसरून बसावं लागतं, लेकराला घ्यावं लागतं. वर कोण पाहतंय?" मग म्हणाली, "आन् ते दोऱ्यांचं मनात ठेवू नका. मी न्हाई ठेवलं."

तोंडात मारली असती तरी परवडलं असतं. पण मी चिठ्ठी परत दिली का? नाही दिली. बदलीच्या कागदावर मी सही केली, तिनं अंगठा उठवला. घरी जाताना मी पेढे नेले. नवऱ्याला म्हटलं, भोळी आहे बिचारी, कोपऱ्याचा गाळा कोणी सोडतं का? त्यानं पेढा खाल्ला.

भोळी कोण ते पहिल्या लगनसराईतच कळलं. माझ्या काचेच्या कपाटाला, नव्या पाटीला, ट्यूबलाइटला बायका एकदा नजर द्यायच्या आणि जिन्याला लागायच्या. लेकुरवाळ्या बायका, नव्या नवऱ्या, गुडघ्याला हात लावत चढणाऱ्या म्हाताऱ्या. चार पायऱ्या चढायच्या, थांबायच्या, दम खायच्या, पुन्हा चढायच्या. मी खालून पाहायची. खाली इतकी चांगली जागा असताना या मरायला वर का जातात, असं सात वर्षं म्हणत आले. शाळेचे गणवेश, परकर, फॉल-पिकोवर माझं दुकान चाललं. चाललं म्हणजे बंद पडलं नाही. मी मात्र एकदाही वर गेले नाही.

मागच्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा धरला. इतकी वर्षं मशीनवर वाकून बसल्याचं फळ. हात कानापर्यंत जाईना, मग खांद्यापर्यंत जाईना. मशीन कसंबसं चालवायची, पण सकाळी झंपर घालायचं म्हणजे दिव्य. माझी झंपरं सगळी मीच शिवलेली, सुतात, काखेत घट्ट मुंढ्याची. नवरा बाही धरून ओढायचा आणि मी भिंतीकडं तोंड करून ओठ चावायची. मग मी सैल शिवून पाहिलं. गळा घसरला. दुसरं शिवलं, ते पाठीत फुगलं. तिसरं शिवून मी ते पोतेऱ्यात टाकलं.

गेल्या महिन्यात एका दुपारी जिना रिकामा पाहून मी शटर अर्धं ओढलं आणि वर गेले. वर चटई होती, माठ होता, एका कोपऱ्यात साडीचा पडदा. पाच-सहा जणी पाय पसरून बसलेल्या, एक लेकराला पाजत होती, एक म्हातारी भिंतीला टेकून चक्क झोपली होती. मला पाहून बाकीच्यांनी पाय आवरून घेतले. मी म्हटलं, "हूक संपले माझे. असले तर द्या."

कमळाबाईनं हुकांचा पुडा दिला. मी तो डाव्या हातानं घेतला.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"पावसाळ्यापासून."

"आन् आता आल्या."

तिनं पडद्याआड नेलं. वितीनं माप घेतलं, माझा हात कुठपर्यंत जातो आणि कुठं अडतो ते दोनदा पाहिलं. दोन दिवसांनी झंपर दिलं. घालायचं कसं तेही शिकवलं, पोरीला शिकवावं तसं. "आधी दुखरा हात घालायचा. चांगला हात मागून येतो." मी घातलं. हात सरळ आत गेला. कुठं ओढलं नाही, कुठं फुगलं नाही, गळा जिथल्या तिथं. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी कोणाला हाक न मारता झंपर घातलं आणि हूकही माझे मीच लावले. म्हाताऱ्या जिना का चढतात ते मला तिथं कळलं.

यावर माणूस काय करेल? आभार मानेल. मी ते झंपर घरी नेलं, उलटं केलं आणि कंदिलाजवळ धरावं तसं ट्यूबखाली धरून पाहिलं. काखेत जादा कापडाची कळी घातली होती, पण ती कळी कशी बसवली ते उकलेना. मी नांदेडहून शिकून आलेली. मला कळत नाही म्हणजे काय? ब्लेड घेतलं आणि अख्खं झंपर उसवलं. तुकडे कागदावर ठेवले, रेघा मारल्या, तसंच कापलं, तसंच शिवलं. हात काखेतच अडला. पुन्हा उसवलं, पुन्हा शिवलं. मग तिचे तुकडे जोडून मूळचं तरी परत उभं करावं म्हटलं, तेही जमेना. शेवटी माझ्यासमोर चिंध्या उरल्या आणि दुसऱ्या दिवशी अंगात घालायला काही राहिलं नाही.

सकाळी नवऱ्यानं जुन्या झंपरात हात घालून दिला. मी तुकडे पिशवीत भरले आणि पुन्हा जिना चढले. या वेळी जिना रिकामा नव्हता. दोघी-तिघी मागून येत होत्या आणि वर सगळी चटई भरलेली. मी पिशवी कमळाबाईपुढं ठेवली. तिनं पिशवीचं तोंड उघडून आत पाहिलं.

"उसवलं," ती म्हणाली.

"व्हय."

ती उठली, कपाटातून घडी केलेलं झंपर काढलं आणि माझ्या हातात दिलं. तसंच, त्याच मापाचं, कळी घातलेलं. "मला वाटलंच होतं तुमी उसवणार. म्हणून दोन शिवली."

इतका राग मला जन्मात कधी आला नव्हता. मी पडद्याआडही गेले नाही. तिथंच, सगळ्या बायकांच्या देखत, आधी दुखरा हात घातला.